शिळा आणि सावली

जर्मनीतील कासेल शहरात फिरताना प्रथम झाडे नव्हे, तर प्रत्येक झाडाशेजारी रोवलेली काळी शिळा माझ्या नजरेत भरली. बेसाल्टची, आपल्या सह्याद्रीचा कातळ तोच. यजमान धर्मगुरूंना विचारले, तेव्हा उलगडा झाला.

१९४३ च्या बॉम्बवर्षावात हे शहर बेचिराख झाले होते. १९८२ साली कलावंत योझेफ बॉइस यांनी तेथील संग्रहालयापुढे ७,००० शिळांचा ढीग रचला. अट एकच: शहरात एक झाड लागेल, तेव्हाच एक शिळा हलेल. झाडांच्या जागा रहिवासी आणि शाळा सुचवू लागल्या. बाकी किती उरली, ते मैदानात सर्वांना दिसे. कित्येकांच्या डोळ्यांत तो ढीग खुपला. (खुपायलाच हवा होता!) १९८६ मध्ये बॉइस निवर्तले, शेवटचे झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावले. शिळा होती तेवढीच राहिली. ओक मात्र तिच्या कितीतरी वर गेला आहे, आणि त्याच्या सावलीतून माणसे ये-जा करीत आहेत.

त्या सावलीत मला आमच्या चर्चच्या आवारातील चिंच आठवली. गाड्या उभ्या करण्यासाठी ती तोडली, त्या कागदावर सही माझीच. तेव्हा एका आजीने विचारले होते, "फादर, मिस्सा सुटल्यावर आता आम्ही बसायचं कुठं?" मी हसून वेळ मारून नेली.

तेथे आता फरशी आहे. तिच्यातील चार लाद्या उखडण्याचा विषय येत्या पॅरिश कौन्सिलपुढे मी मांडणार आहे.