मासे अभ्यास करतत काय?

कुडाळ तालुक्यात मुळद्याला कोकण कृषी विद्यापीठाचा मत्स्य प्रकल्प आहे. शोभिवंत माशांची पैदास मी तिथे पाहिली आणि घरामागे सिमेंटच्या टाक्या बांधल्या. पहिली जोडी एंजलची.

एंजलची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की चार-पाच दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. मग पोहायला लागतात आणि त्यांना हलणारं, जिवंत खाद्य लागतं. त्यासाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या जिवाची अंडी. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, खालून हवा, वर बल्ब. साधारण चोवीस तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून तळाशी टॉर्च धरली की नारिंगी कण उजेडाकडे गोळा होतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. हे कण ताजेच घालावेत, शिळे झाले की त्यांच्यातला कस उतरतो. गोड्या पाण्यात ते काही तासांत मरतात आणि पाणी नासवतात. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. पिल्लाचं पोट नारिंगी, टम्म दिसलं की हात आखडायचा.

पावसाळ्यात मात्र दुपारीही पोटं रिकामी दिसायला लागली. खाद्य तेवढंच, पाणीही स्वच्छ. आमच्याकडे आषाढात ढग दाटले की शेडमध्ये भरदुपारी संध्याकाळ होते, आणि एंजलचं पिल्लू भक्ष्य डोळ्यांनी हेरतं. दिसलंच नाही तर खाणार काय? टाकीवर एलईडी ट्यूब लावली, सकाळी सहा ते रात्री आठ. पोटं भरू लागली, एका घाण्यातली पिल्लं बरीचशी एका मापाची निघू लागली. ट्यूब एकदम बंद झाली की पिल्लं बिथरून भिंतींवर आपटत, म्हणून रात्री कोपऱ्यात झिरोचा बल्ब ठेवला. त्यावर काकीचा शेरा : ‘‘रे बाबू, रातभर लाईट कित्याक जाळतस? मासे अभ्यास करतत काय?’’

चोवीस तास लख्ख उजेड ठेवला तर पिल्लं दुप्पट वाढतील, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. सतत धावणारं पिल्लू खाल्लेलं धावण्यातच घालवतं, त्यालाही विसावा हवा.

शेजारच्या टाकीत मागूर आहे, त्याची तऱ्हाच उलटी. तो मिशांनी चाचपत रात्री चरतो. उजेडात त्याची पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. त्यांना मी कौलांचे तुकडे टाकून आडोसा केलाय, टाकीवर झावळ्या घातल्यात आणि खाद्याचा मोठा वाटा तिन्हीसांजेला देतो.

वादळात लाईट गेली की खाद्य बंद. पिल्लू एक रात्र उपाशी तगतं. न खाल्लेलं खाद्य मात्र कुजून पाण्यातला प्राणवायू संपवतं. इन्व्हर्टरवर म्हणूनच आधी हवेचा पंप जोडलाय. ट्यूब नंतर, चार्जिंग उरलं तर.