आधी चेन, मग ब्रेक

घाटकोपर पूर्वेतील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून, गेली कित्येक वर्षे एक काळी मोटारसायकल उभी आहे. तिच्यावर मेणकापडाचे आवरण असते. दर रविवारी सकाळी एक शहात्तर वर्षांचे गृहस्थ ते आवरण काढतात, गाडी पुसतात, इंजिन पाच मिनिटे चालू ठेवतात आणि पुन्हा आवरण घालून वर जातात. इमारतीतील मुले त्या धकधक आवाजावरून रविवार झाल्याचे ओळखतात. घरातील सर्वजण या गृहस्थांना आप्पा म्हणतात. तरुणपणी ते सांगलीहून आले आणि स्टेशनजवळच्या बाजारात त्यांनी स्टीलच्या भांड्यांचे दुकान टाकले. 1978 सालची ही बुलेट त्यांनी दुकानाचे कर्ज फिटल्यावर घेतली.

बुलेट मूळची इंग्लंडची. रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी 1955 साली एकत्र येऊन मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी केली. पुढे इंग्लंडमधील मूळ उत्पादन बंद पडले, मद्रासचे मात्र चालूच राहिले. लष्कर, पोलीस आणि गावोगावचे दूधवाले यांच्याबरोबर व्यापाऱ्यांनाही ही गाडी मानवली. भांडुपच्या कारखान्यातून निघणारी लॅम्ब्रेटा स्कूटर त्या काळी उपनगरांत पुष्कळ दिसे. तथापि पाठीमागे भांड्यांची दोन पोती बांधून चढ चढायचा, तर आप्पांच्या मते बुलेटला पर्याय नव्हता.

यंदा श्रावणात या गाडीचा प्रश्न घरात नव्याने उभा राहिला. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. बुलेटची मुदत संपत आली होती. आप्पांचा मुलगा, जो आता दुकान पाहतो, त्याचे मत स्पष्ट होते: गाडी विकावी. नातवाचे मत तितकेच स्पष्ट होते: गाडी ठेवावी. हा नातू चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत उमेदवारी करतो. वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात गाडी आपण स्वतः चालवत नेऊ, असे त्याने जाहीर केले. त्याचे वडील काहीच बोलले नाहीत. ताटावरून उठले आणि हिशेबाची वही उघडून बसले. आप्पांनी नातवाला एवढेच सांगितले, "मागचा ब्रेक स्वतःच्या हाताने लावून दाखव. मग किल्ली देतो."

अट वरवर सोपी वाटते. आजच्या दुचाकीवर तर ती निरर्थकच वाटेल. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले आहे. चाक घसरण्याच्या बेतात आले की यंत्रणा स्वतःच ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते. जुन्या बुलेटमध्ये असा कोणी मध्यस्थ नाही. पायातले पॅडल, तिथून मागे जाणारी एक लोखंडी सळई, सळईच्या टोकाला एक नट, चाकाजवळची एक तरफ आणि ड्रमच्या पोटातले अर्धचंद्रासारखे दोन शू, इतकाच संसार. पॅडल दाबले की सळई तरफ ओढते, तरफ आतला कॅम फिरवते, कॅम दोन्ही शूंना बाहेर ढकलतो आणि शूंवरचे लायनर सहा इंची ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. 1902 साली लुई रेनॉ यांनी मोटारींसाठी रूढ केलेल्या ड्रम ब्रेकचेच हे साधे रूप. शंभराहून अधिक वर्षांत त्याचे तत्त्व बदललेले नाही. माणसाच्या पायाची आणि हाताची अचूकता मात्र त्यात गृहीत धरलेली आहे.

नातवाची पहिली अडचण पायाचीच निघाली. हल्लीच्या सर्व मोटारसायकलींवर ब्रेक उजव्या पायाशी आणि गीअर डाव्या पायाशी असतो. जुन्या बुलेटवर हे नेमके उलट आहे. घाबरलेल्या क्षणी उजवा पाय सवयीने दाबला गेला, तर गीअर बदलतो, गाडी थांबत नाही. म्हणून आप्पांनी त्याला आठवडाभर रोज रात्री, इंजिन बंद असताना, मोठ्या स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसवले. ते समोर खुर्ची टाकून बसत आणि मध्येच "थांब!" म्हणत. पहिल्या दिवशी दहापैकी आठ वेळा उजवा पाय हलला. सातव्या दिवशी एकदाही हलला नाही.

रविवारी दुपारी प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. सूर्यास्ताआधी जेवण आटोपायचे असल्याने हाताशी तीन तास होते. इंजिन थंड होते. गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, मागचे चाक जमिनीपासून सुटले. नातवाने पाना उचलला आणि थेट सळईच्या टोकाचा नट आवळायला घेतला. आप्पांनी त्याचा हात धरला.

"आधी चेन," ते म्हणाले. "चेन झाल्याशिवाय ब्रेकला हात लावायचा नाही."

नातवाला कारण कळेना. आप्पांनी त्याला त्याच्याच भाषेत सांगितले, की रोजमेळ पुरा होण्यापूर्वी ताळेबंद मांडता येत नाही, तसे हे आहे. ढिली पडलेली चेन ताणायची म्हणजे मागचे चाक एक्सलसकट थोडे मागे सरकवायचे. बुलेटमध्ये त्यासाठी एक्सलच्या दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या शंखासारख्या, कडेला खाचा असलेल्या चकत्या असतात. दोन्ही बाजू सारख्याच खाचा फिरवायच्या, नाहीतर चाक तिरके बसते. चाक मागे गेले की त्याच्यासोबत ब्रेकची तरफही मागे जाते. सळई मात्र पुढे पॅडलला अडकलेली असते. तिची लांबी वाढत नाही. परिणामी पॅडलला कोणी स्पर्शही न करता तरफ ओढली जाते आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. म्हणून चेन ताणण्याआधी सळईचा नट सैल करायचा आणि चेनचे काम संपल्यावर ब्रेक नव्याने लावायचा. क्रम चुकला की गाडी ब्रेक लावलेल्या अवस्थेतच धावते.

इतके बोलून आप्पा थांबले. मग त्यांनी जे सांगितले, ते या घरात तीस वर्षांत कोणी मोठ्याने बोलले नव्हते.

जुलै महिना होता. काळबादेवीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे माल पाहायला जायची घाई होती. चेन फार वाजते म्हणून आप्पांनी सकाळी दहा मिनिटांत ती ताणली. सळईच्या नटाकडे पाहायचे राहून गेले. स्वतः ते गाडीने गेले, पण पाऊस वाढल्याने अर्ध्या वाटेतून परतले आणि लोकलने गेले. दुपारी दुकानातील रोकड बँकेत भरायला त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा तीच गाडी घेऊन निघाला. पॅडलला मोकळा खेळ उरलाच नव्हता. लालबहादूर शास्त्री मार्गावर एक रिक्षा आडवी आली, मुलाने डावा पाय जेमतेम टेकवला आणि मागचे चाक जागच्या जागी जखडले. ओल्या रस्त्यावर गाडी आडवी घसरत गेली. रोकड सुरक्षित राहिली; मुलाच्या कोपराचे हाड दोन ठिकाणी मोडले. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. सर्वांनी पावसाला दोष दिला. मुलगा स्वतःला दोष देत राहिला, की आपल्याला गाडी नीट चालवता आली नाही. त्यानंतर त्याने बुलेटला कधी हात लावला नाही. गाडी घरी आणल्यावर आप्पांनी चाक हाताने फिरवून पाहिले तेव्हा ते फिरेना. कारण त्यांना तेव्हाच समजले होते.

"मी त्याला सांगितले नाही," आप्पा म्हणाले. "आधी तो दुखण्यात होता. मग लग्न झाले, मग दुकान त्याच्याकडे आले. दर वेळी वाटे, आता सांगून काय उपयोग."

नातू काही बोलला नाही. त्याने सळईचा नट चार-पाच फेरे सैल केला आणि एक्सलचा नट सोडवला. दोन्ही चकत्या एकेक खाच फिरवून त्याने चेन तपासली. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत जिथे ती सर्वांत ताणलेली असते ती जागा शोधावी लागते आणि त्या जागी मध्यावर साधारण इंचभर खेळ ठेवावा लागतो. तो मिळाला.

पुढच्या पायरीला दोन माणसे लागतात. एक्सल आवळण्यापूर्वी ब्रेक लागेल इतपत सळईचा नट फिरवून घ्यायचा. मग एकाने पॅडल पूर्ण जोराने दाबून धरायचे आणि दुसऱ्याने त्याच अवस्थेत एक्सलचा नट घट्ट करायचा. दाबामुळे दोन्ही शू ड्रमच्या भिंतीला सारखे टेकतात आणि ब्रेकची चकती ड्रमच्या मध्याशी जुळून बसते. हे केले नाही तर एकच शू काम करतो, ब्रेक मऊ लागतो आणि लायनर एका बाजूने झिजतो. आप्पांनी पॅडलवर पाय ठेवला; गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या पायात तेवढा जोर राहिलेला नव्हता. नातवाच्या दोन्ही हातांत पाने होते.

नातवाने वर हाक मारली. "बाबा, दोन मिनिटे खाली या."

ते खाली आले. काय करायचे ते नातवाने सांगितले. गाडीच्या डाव्या बाजूला ते क्षणभर उभे राहिले. मग आसनावर बसले आणि डावा पाय न शोधता, न बघता नेमका पॅडलवर गेला. तीस वर्षांत पाय काही विसरला नव्हता. त्यांनी पॅडल दाबून धरले. नातवाने नट आवळला.

त्या वेळी आप्पांनी, गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहत, आपल्या मुलाला ती सकाळ सांगितली. वाक्ये थोडीच होती. चेन मी ताणली होती. सळई सैल करायची राहिली. चूक तुझी नव्हती.

पाय पॅडलवर तसाच राहिला. नट केव्हाच बसला होता. बऱ्याच वेळाने मुलाने विचारले, "आप्पा, तुम्हाला हे तेव्हाच कळले होते?"

"त्याच रात्री."

मुलाने पाय उचलला. तो खाली उतरला आणि चाकाशी उकिडवा बसला. आता सळईचा नट कोणी फिरवायचा, हे कोणी ठरवले नाही. ते त्यानेच सुरू केले. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्या हाताने नट थोडाथोडा आवळायचा. आतून लायनर घासल्याचा बारीक आवाज आला की थांबायचे आणि चाक पुन्हा निर्वेध फिरेपर्यंत नट मागे घ्यायचा. कोपर पूर्ण सरळ होत नसल्याने त्याला अंग थोडे वळवावे लागत होते. पॅडलला वरच्या टोकाशी अंगठ्याच्या पेराएवढा मोकळा खेळ राहिला. त्याने पॅडल हाताने दाबून सळई आणि तरफ यांच्यातील कोन पाहिला. ब्रेक पूर्ण लागल्यावर हा कोन काटकोनाच्या पुढे जाऊ लागला, तर लायनर संपत आले असे समजावे. तरफ उचलून दुसऱ्या जागी बसवणे म्हणजे घसारा न दाखवता ताळेबंद सजवणे. कोन काटकोनाच्या अलीकडे होता. ड्रम उघडण्याची गरज नव्हती. उघडलाच असता, तर आतली भुकटी फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हेही त्याने मुलाला सांगितले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसात जाते. हे त्याला कसे ठाऊक, असे नातवाने विचारले नाही.

सहा वाजत आले होते. नातवाने गाडी चालू केली आणि आवाराच्या आत, पायी चालण्याच्या गतीने, दोन फेऱ्या मारल्या. फाटकाशी त्याने डावा पाय दाबला. गाडी सरळ रेषेत, चाक न जखडता थांबली. परत आल्यावर त्याने ड्रमला पाठीमागून हात लावून पाहिला. तो थंड होता. ब्रेक आत घासत असता तर ड्रम तापला असता.

आप्पांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, बुलेटची किल्ली वेगळी केली आणि नातवाच्या हातात दिली. वरून जेवायला हाक आली. तिघेही हात धुवायला नळाशी गेले.

जिन्यात वडिलांनी मुलाला विचारले, "वडाळ्याला कधी जायचे?"

"गुरुवारी."

"निघण्याआधी नट पुन्हा एकदा बघ. पहिल्या दिवशी तो बसतो आणि खेळ बदलतो." दोन पायऱ्या चढून ते थांबले. "नाहीतर असू दे. मीही येतो, मागे बसून."