चिमणीतली चिमणी



मागच्या जूनमध्ये सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा लेकीचा फोन आला. ती शिकागोजवळ राहते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिथे एक जुनं विटांचं घर घेतलं. बैठकीत भिंतीतली शेकोटी आहे आणि तिचं धुराडं छपरातून वर गेलेलं. हिवाळ्यात बर्फ पडला की संध्याकाळी तिथे लाकडं पेटवतात.

"आई, आमच्या चिमणीत चिमण्या आहेत," ती म्हणाली. मला हसूच आलं. मराठीत पाखरूही चिमणी आणि धुराडंही चिमणी. पण ती घाबरलेली होती. दोन दिवस भिंतीतून फडफड आणि पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येत होता. कुणी सांगितलं खालून धूर करा, कुणी म्हणालं माणूस बोलवून काढून टाका. "तू सांग, काय करू?"

मी म्हटलं, "आज शेकोटीला हात लावू नकोस. काडीसुद्धा ओढू नकोस. मी तुला आपल्या दिघोरीच्या घरातली एक गोष्ट सांगते. ती तुला कधी नीट सांगितली नाही."

तीच आज तुम्हालाही सांगते.

भंडारा जिल्ह्यातलं आमचं दिघोरी म्हणजे धानाचा मुलूख. बांध्यांमध्ये धान आणि धुऱ्यावर तूर. तुरीचं पीक निघालं की तुराट्या घरी येतात आणि वर्षभर चुलीत जातात. मी सून म्हणून आले तेव्हा आमच्या कवेलूच्या घरात धूर न होणारी चूल बसवलेली होती. निर्धूर चुलीची सरकारी योजना १९८३ साली देशभर सुरू झाली, त्यातलीच ती. मातीची दोन तोंडांची चूल, मागून निघालेला सिमेंटचा पाइप आणि छपरावर पाइपाला टोपी. सासूबाईंना, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, त्या चुलीचा फार अभिमान. चुलीवर पांढरा चंदोवा बांधलेला असायचा. छतावरून एखादा जीव अन्नात पडू नये म्हणून आपण बांधतो तो. बाई सांगायच्या, "पहिल्या चुलीवर चंदोवा आठ दिवसांत काळा व्हायचा. आता महिनाभर पांढरा राहतो."

उन्हाळ्यात आमच्याकडे सयपाक अंगणातल्या चुलीवर हलतो. वैशाखात आत चूल पेटवणं म्हणजे शिक्षाच. अशाच एका उन्हाळ्यात छपरावरच्या टोपीखाली चिमणीनं घरटं केलं. पाऊस जवळ आला, आत चूल मांडायची वेळ झाली, तर वरून चिवचिव. बाई म्हणाल्या, पिल्लं उडेपर्यंत आत जाळ नाही. चिमणीची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं उडतात. तेवढे दिवस आम्ही पडवीत, पावसाची झड चुकवत भाकऱ्या थापल्या. त्या दिवसांचा मला आजही आनंद वाटतो.

चूक त्यानंतर झाली. पिल्लं उडाली, पण घरटं कुणी काढलं नाही. "परत येईल बिचारी," असं बाई म्हणाल्या, मीही म्हणाले. पावसाळा लागला, आत चूल पेटली. गवत सुटून पाइपाच्या वळणात अडकलं, त्यावर काजळी बसत गेली. पहिल्या एक-दोन वर्षांत पाइप साफ करायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, आत एखादी पाल असेल, कोळी असतील, कशाला हात लावता? मग विषय निघेनासाच झाला. चंदोवा पुन्हा आठ दिवसांत काळा होऊ लागला. आम्ही तो आठ दिवसांनी धुऊ लागलो. बस, एवढंच केलं.

आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण. पाणी उकळून प्यायचं. म्हणजे चूल पहाटे पेटायची, दुपारी पेटायची, चार वाजता पुन्हा पेटायची. चातुर्मासात लाकडं ओलसर, दारं-खिडक्या पावसानं बंद. पुढे घरात गॅस आला, तरी पाणी, दूध आणि भाकरी चुलीवरच. आणि पूस-माघाच्या थंडीत बाईंची जागा चुलीपाशीच.

खोकला आधी हिवाळ्यापुरता होता, मग बारमाही झाला. देवदर्शनाला जाताना त्या वाटेत दोनदा थांबू लागल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "विडी ओढता का?" बाईंनी कानाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, "मग चूल किती वर्षं?" बाई म्हणाल्या, "आठवतं तेव्हापासून." श्वासनळ्या कायमच्या आखडल्या होत्या. औषधानं आराम पडणार होता, गेलेलं परत येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यांनी छपरावर चढून पाइप उतरवला. चार इंची पाइप, आतून डांबरासारखा काळा थर, मध्ये जेमतेम दोन बोटं जाईल एवढी वाट. वळणात गवताचा बोळा, काळा, कोळसा झालेला. मी अंगणात बसून काडी काडी पाहिली. आत कुणीही नव्हतं. पाल नाही, कोळी नाही, चिमणी तर कित्येक वर्षांत नव्हती. ज्या जिवांसाठी म्हणून आम्ही हात लावत नव्हतो, ते तिथे नव्हतेच. जीव होता तो खाली, चुलीसमोर पाटावर बसलेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे, हे मी लहानपणी पाठशाळेत पाठ केलं होतं. अर्थ त्या दिवशी कळला. एक महिना पडवीत सयपाक केला ती दया होती. त्यानंतरची सगळी वर्षं दयेच्या नावानं आळस होता. गृहस्थाच्या घरातल्या हिंसेच्या पाच जागांमध्ये चूल येते, म्हणून लाकूड झटकून, बघून लावायचं हे आम्ही कसोशीनं पाळलं. पण त्याच चुलीचा धूर कुठे जातो हे पाहिलं नाही.

पुढे वाचनात आलं की हे आमच्या एकट्याच्या घरचं नाही. एस्थर डुफ्लो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांत अशा सुधारित चुलींचा चार वर्षांपर्यंत अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर हा फरक उरला नाही. एक मोठं कारण हे, की चुलींची दुरुस्ती, साफसफाई झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसं दगावली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस गावोगाव पोचला, तरी सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून चूल कुठे विझली आहे? तुमच्याही घरी मागच्या अंगणात असेलच.

म्हणून आम्ही काय बदललं ते सांगते.

धूर गरम असतो म्हणून वर चढतो. पाइप उंच, सरळ आणि मोकळा असेल तरच तो ओढ घेतो. आता आमचा पाइप कवेलूंच्या माथ्याच्या वर दोन फूट आहे आणि वळण एकच, त्याला खाली उघडता येईल असं झाकण. चतुर्दशीला उपासामुळे चूल थंडच असते. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, चूल पेटवण्याआधी, पाइप साफ करायचा. आधी कान लावून ऐकायचं, झाकण उघडून बॅटरीनं पाहायचं, पाइपावर हलक्या हातानं टकटक करायची, म्हणजे एखादा जीव असला तर निघून जातो. मग लांब बांबूला गोणपाट गुंडाळून वरून खाली हळू ओढायचं. नाक-तोंड ओल्या फडक्यानं बांधायचं. काजळी निरुपद्रवी नाही. इंग्लंडमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळे कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट या डॉक्टरांनी १७७५ सालीच लिहून ठेवलं होतं.

टोपीखाली अर्ध्या इंचाची जाळी लावली आहे. ती काजळीनं बुजते, म्हणून तीही झटकायची. आणि वळचणीला, जाळापासून लांब, एक लहान मडकं आडवं बांधलं. चिमणीला जागा हवी असते, ती दिली. दुसऱ्याच वर्षी मडक्यात घर झालं. लाकडं पावसाआधी माळ्यावर. कोरड्या लाकडात किडा-मुंगी कमी, धूरही कमी. जाळ चुलीच्या तोंडाबाहेर येऊ लागला किंवा चंदोवा लवकर काळा पडला, तर चंदोवा धुण्याआधी पाइप पाहायचा.

बाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. शेवटची वर्षं त्या चुलीपासून लांब, देवघराच्या उंबऱ्याशी बसायच्या. मी एकदा त्यांच्यापाशी क्षमा मागितली, क्षमावाणीच्या दिवशी. त्या म्हणाल्या, "मीच तर नको म्हणाले होते गं." एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

हे सगळं लेकीनं ऐकून घेतलं. मग तिनं चौकशी केली. तिच्या धुराड्यातली पाखरं चिमण्या नव्हत्या, पाकोळीच्या जातीची होती. झाडांच्या ढोली कमी झाल्या तसे हे पक्षी विटांच्या धुराड्यांत राहू लागले. लाळेनं काड्या चिकटवून भिंतीला अर्ध्या बशीएवढं घरटं करतात आणि हिवाळ्याआधी दक्षिण अमेरिकेला निघून जातात. १९१८ च्या तिथल्या कायद्यानं अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढायला बंदीच आहे. तिनं खालची झडप घट्ट लावली आणि वाट पाहिली.

ऑक्टोबरमध्ये पाखरं गेल्यावर तिनं लगेच धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. इथेच मला तिचं कौतुक वाटलं. तिथे थंडीमुळे धूर वर जाता जाता गार होतो आणि भिंतीला डांबरासारखा थर धरतो. तो साचला तर धुराड्यातच भडका उडतो. म्हणून तिथली अग्निसुरक्षा संस्था दर वर्षी तपासणी करायला सांगते. विटांच्या फटीत पाणी शिरून गोठलं की ते फुगतं आणि विटा तडकतात. त्या फटीही तिनं बुजवून घेतल्या. वर टोपी बसवली आणि घरात विषारी वायू ओळखणारी घंटी लावली.

परवा बर्फ पडत असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे शेकोटी नीट जळत होती, धूर कुठेच नव्हता. म्हणाली, "आई, मार्चमध्ये टोपी काढून ठेवणार आहे. उन्हाळ्यात धुराडं त्यांचं, हिवाळ्यात आमचं. पण मध्ये एकदा साफ करायचंच."

उद्या पहाटे आमचाही पाइप साफ करायचा आहे. बांबू आजच काढून ठेवला आहे. तुमचं धुराडं शेवटचं कधी पाहिलंत?

जय जिनेंद्र.