विभागाची तारीख

8 ऑगस्ट 2024, आष्टी
मध्यरात्री सव्वाच्या सुमारास अविनाश साबळेची शर्यत झाली. पॅरिस ऑलिंपिक, 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी. आपल्या तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा तिथं धावला. याआधी भारताचा एकही पुरुष या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोचला नव्हता. 8 मिनिटं 14.18 सेकंद, अकरावा. सकाळी मैदानावर पोरं हिरमुसलेली. म्हटलं, अरे, गेल्याच महिन्यात त्यानं 8:09.91 अशी राष्ट्रीय विक्रमाची वेळ दिलीय, हांगझोऊला एशियाडचं सुवर्ण घेतलंय. आठवीतल्या एकानं विचारलं, ‘‘सर, पण त्याला निवडलं कुणी?’’

बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचिनला राहिला. 2015 मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्रीत उतरला, तेव्हा कुठं त्याच्यातला धावपटू लोकांच्या नजरेत भरला. अमरीश कुमार यांच्या हाताखाली स्टीपलचेस त्याच्याही नंतर. दहावी-बारावीच्या वयात हा मुलगा याच रस्त्यांनी येत-जात होता. तो सैन्यात गेला नसता तर, हा विचार दिवसभर डोक्यातून जाईना.

19 ऑगस्ट
एक पालक भेटले. मुलगा बारा वर्षांचा, चपळ. ‘‘याला पुढं कुठं घालावं?’’ सांगितलं: क्रीडा प्रबोधिनी आहे, तिथं उंची-वजन घेतात, 30 मीटर धाव, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर, सगळं मोजतात. सैन्याची बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे. तिथं 8 ते 14 वय लागतं, चौदा उलटली की दार बंद. कुस्तीची वाट निराळी. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या तालमीत गेला आणि 2018 ला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेऊन आला. तिथं पोर वस्तादाच्या डोळ्यात भरलं की झालं. त्यांनी लगेच विचारलं, ‘‘पोलीस भरतीला उपयोग होतो का?’’ होतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. बापानं नोकरीचं आधी विचारलं यात मला काही गैर वाटत नाही. दोन एकर कोरडवाहू असलेला माणूस दुसरं काय विचारणार?

26 सप्टेंबर, बीड
जिल्हा स्पर्धा. आमची नववीतली मुलगी 17 वर्षांखालील 1500 मीटरमध्ये पहिली आली. शेवटच्या फेरीपर्यंत तिसरी होती. वळणावर तिनं बाहेरची बाजू धरली, हनुवटी खाली घेतली आणि दोघींना मागं टाकलं. पाय अनवाणी, बूट दिले होते, तिनं ते पिशवीत जपून ठेवलेले. ‘‘विभागाला घालते सर.’’

अमेरिकेत कॉलेजांचे प्रशिक्षकच शाळकरी खेळाडूंचा माग काढतात. दिल्लीचा उंच उडीवाला तेजस्विन शंकर असाच शिष्यवृत्तीवर कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला. आमच्या पोरांना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा एकेका पायरीला ठरल्या तारखेला हजर राहावं लागतं. एक तारीख हुकली की वर्ष गेलं, आणि नववीतल्या मुलीकडं अशी वर्षं फार नसतात.

15 ऑक्टोबर
दसरा झाला. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल तिच्या आई-बापानं कधीच घेतलीय, घराच्या पत्र्यात गेलीसुद्धा. यंदा गाळप 15 नोव्हेंबरपासून, विधानसभेचं मतदान 20 ला. टोळ्या आधी निघणार की मतदान करून, याचीच गावात चर्चा. विभागीय स्पर्धेचं पत्र अजून नाही. जिल्ह्यातली निम्मी गावं दिवाळीनंतर रिकामी होतात हे सगळ्यांना ठाऊक असताना तारखा आधी लावायला काय हरकत आहे? हे मी दरवर्षी बैठकीत बोलतो, यंदाही बोललो.

6 नोव्हेंबर
पत्र आलं. स्पर्धा महिनाअखेर, छत्रपती संभाजीनगरला. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, ‘‘सर, आमी दोघं फडात. बारक्याला कोण बघंल? कोपीवर सैपाक कोण करंल?’’ पोरगी पळते हे तिला माहीत आहे, त्याचा अभिमानही आहे. पण नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल फेडायची म्हटल्यावर दोघांनाही उसात उतरावंच लागतं. मी हंगामी वसतिगृहाचं सांगितलं. बारक्याची सोय तिथं होईल, ही आजीपाशी राहील. बाप बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आन् विभागाला हारली तर?’’

म्हटलं, हारली तरी शाळा सुटत नाही. तुमच्यासोबत आली तर सुटते.

10 नोव्हेंबर
बारक्याचं नाव वसतिगृहाच्या यादीत घातलं. बोनाफाईड, आधार, जन्मदाखला, वयाचा पुरावा, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढल्या. पालकांच्या संमतीवर आईनं अंगठा न उठवता सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत.

18 नोव्हेंबर
टोळी आज पहाटे गेली, मतदानाआधीच. ती मैदानावर आली, डोळे सुजलेले. आज बूट घालून सराव घेतला. टाचेला फोड आला आहे. उद्या कापूस-पट्टी लावून 400 च्या पाच फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. आजीला रोजच्या दुधाचे पैसे शाळेच्या क्रीडानिधीतून द्यायचे, मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय.