उसना उजेड

आम्हां भावंडांत विटांच्या खेळाचा हातात मावणारा एकच व्हिडिओ गेम होता. मूळ खेळ टेट्रिस. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली रचलेला. वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळ पुरी केली, की ती नाहीशी होई. पण गंमत अशी, की त्या पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता! १९८९ च्या जपानी गेम बॉयचीही हीच तऱ्हा. त्यामुळं तिन्हीसांजेला दिव्याखालीच बसावं लागे. तिथंच आजी तांदूळ निवडी, आई हिशेब लिही. एकजण खेळे, बाकीचे ओरडत. आता पडदे स्वयंप्रकाशी झाले. सोय मोठी, यात शंका नाही. पण एका दिव्याखाली जमायचं निमित्त मात्र गेलं.