प्रदर्शन उतरल्यावर उरते ते काय?

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जन्म एका प्रदर्शनातून झाला. 1855 साली पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीच्या वस्तू आणि कच्च्या मालाचे नमुने जमवले गेले, आणि त्याच वस्तूंचा दुसरा संच मुंबईत ठेवण्यात आला. 1857 च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली, तेव्हा हलवाहलवीत या संग्रहाची बरीच मोडतोड झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी तो पुन्हा उभा केला आणि 1872 साली आजची इमारत लोकांना खुली झाली. म्हणजे इथे आधी प्रदर्शन होते, संग्रहालय नंतर आले. तरीही आपण संग्रहालयाची थोरवी सांगताना वस्तू किती, त्या किती जुन्या आणि इमारत कशी, एवढेच सांगतो. तिथे आजवर कोणती प्रदर्शने भरली, त्यांनी काय मांडले, हे क्वचितच कोणी विचारते. माझे म्हणणे असे, की कलासंग्रहालयाचे काम त्याने आपल्या संग्रहातून उभ्या केलेल्या प्रदर्शनांवरून आणि त्यांनी मागे ठेवलेल्या नोंदींवरून जोखले पाहिजे. लहान, प्रादेशिक संग्रहालयांना तर ही कसोटी अधिकच लागू आहे.

प्रदर्शन हे एक विधान असते. काय निवडले, काय वगळले आणि कशाशेजारी काय टांगले, यातून ते केले जाते. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे एखादे पौराणिक चित्र राजा रविवर्म्याच्या चित्राशेजारी लावले, तर दोघांच्या नाट्यमय रचनेतले नाते दिसते. तेच चित्र धुरंधरांनी रेखाटलेल्या मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांसोबत लावले, तर पुराणातल्या पात्रांना त्यांनी कोणाचे चेहरे आणि कोणती वस्त्रे दिली, हा प्रश्न उभा राहतो. चित्र तेच असते, पण शेजार बदलला की त्याचा अर्थ बदलतो. वर्षानुवर्षे एकाच खिळ्यावर राहिलेल्या चित्राला हा दुसरा अर्थ कधीच मिळत नाही. 2018 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुहास बहुळकर यांनी धुरंधरांचे मोठे प्रदर्शन उभे केले, तेव्हा पौराणिक चित्रांचा हा चित्रकार रोजच्या जगण्याचाही किती बारकाईने वेध घेत होता, हे एकत्र पाहता आले.

पण प्रदर्शन उतरते, आणि नंतर मागे काय राहते त्यावर त्याचे मोल ठरते. याचा सर्वांत बोलका पुरावा अजिंठ्याच्या प्रतिकृतींच्या इतिहासात आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना 1866 च्या आगीत गेल्या. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी सोबत घेऊन नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही कितीतरी 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाल्या. मात्र ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन खंड 1896-97 मध्ये छापून निघाले, म्हणून त्या श्रमांचा पुरावा आजही हाताशी आहे. ज्यांच्या प्रतिमा आणि माहिती छापली गेली, ती चित्रे अभ्यासाच्या कक्षेत राहिली. उरलेल्यांचा फक्त उल्लेख राहिला.

घरचे उदाहरण बॉम्बे आर्ट सोसायटीचे घेता येईल. 1888 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनांच्या पुस्तिका दिसायला साध्या याद्या आहेत. पण गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाचा 1896 मधला गौरव असो वा 1937 साली अमृता शेरगिल यांना मिळालेले सुवर्णपदक, आपल्या आधुनिक कलेचा इतिहास या प्रदर्शनांच्या नोंदींखेरीज लिहिता येत नाही. पार्थ मित्तर यांच्यासारख्या इतिहासकारांनी वसाहतकालीन कलेचा शोध घेताना प्रदर्शनांच्या याद्या आणि वर्तमानपत्रांतली परीक्षणे यांचा आधार घेतला. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचेही तसेच आहे. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि विदर्भातून आलेले हरी अंबादास गाडे यांचे 1949 सालचे मुंबईतले प्रदर्शन थोड्याच दिवसांत संपले आणि हा गटही लवकरच पांगला. सूझांनी त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत लिहिलेले निवेदन उरले, म्हणून त्या तरुणांना काय हवे होते ते त्यांच्याच शब्दांत कळते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या मोठ्या संग्रहालयांनी प्रदर्शनाची ताकद ओळखली आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2017 साली ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्यासह ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन भरवले. नऊ कथांमध्ये गुंफलेल्या त्या मांडणीत भारतातल्या वस्तू जगातल्या समकालीन वस्तूंशेजारी ठेवल्या होत्या, आणि तो शेजारच त्या प्रदर्शनाचा मुद्दा होता. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने 2008 मध्ये जीर्णोद्धारानंतर दारे उघडल्यावर आजच्या कलावंतांना जुन्या संग्रहाशी संवाद करायला बोलावले. रीना कल्लाट यांनी 2013 साली मुंबईच्या रस्त्यांची जुनी नावे कोरलेल्या रबरी शिक्क्यांचे कोळ्याचे जाळे विणून इमारतीच्या दर्शनी भागावर चढवले, आणि वसाहतकाळात उभ्या राहिलेल्या वास्तूला त्या काळाबद्दलच प्रश्न विचारला. पुढच्याच वर्षी अतुल दोडिया यांनी ‘7000 म्युझियम्स’ या प्रदर्शनात देशातल्या लहानसहान गावांसाठी संग्रहालये कल्पिली. त्या कल्पनेमागची निकड मला फार खरी वाटते.

कारण लहान गावांतली जी संग्रहालये प्रत्यक्षात आहेत, त्यांच्याकडे सामग्रीची वाण नाही. औंधचे श्री भवानी चित्रसंग्रहालय घ्या. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली ते मूळपीठाच्या डोंगरावर उभारले. रविवर्मा, धुरंधर, पहाडी लघुचित्रे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे मातृशिल्प, एवढा पल्ला साताऱ्याच्या एका गावात एका छताखाली आहे. तिथल्या प्रतिकृतींवरच एक प्रदर्शन उभे राहू शकते: एका संस्थानिकाला आपल्या प्रजेला युरोपची कोणती चित्रे दाखवावीशी वाटली, आणि का? कोल्हापुरात आबालाल रहिमान यांच्यापासून बाबूराव पेंटर आणि चंद्रकांत मांडरे यांच्यापर्यंत चित्रकारांची अखंड परंपरा आहे. मांडरे यांच्या चित्रांचे संग्रहालय तर त्यांच्याच घरात आहे. एकाच परिसरातले पाणी, घाट आणि उजेड तीन पिढ्यांनी कसे पाहिले, हे शेजारी शेजारी लावून दाखवायला परदेशातून काही मागवावे लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप जपणुकीचा येतो: चित्रे सारखी काढली-लावली तर इजा होईल. हाताळणीत धोका आहे, हे मान्य. त्यासाठी प्रशिक्षित माणसे हवीतच. पण कागदावरच्या कामाला सततचा उजेडही मारकच. जलरंग आणि लघुचित्रांसाठी साधारण 50 लक्सची मर्यादा पाळतात, आणि तेवढ्या मंद उजेडातही होणारी हानी साचत जाते, भरून येत नाही. म्हणून अशी चित्रे काही महिने लावून पुन्हा अंधारात विसावू द्यावी लागतात. मांडणी बदलत राहणे ही जपणुकीचीच गरज आहे. कागदावरची चित्रे कायम लावून ठेवली, तर त्यांचे रंग आपल्या डोळ्यांदेखत उडत जातील.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. अनेक ठिकाणी पदे रिकामी असतात, तुटपुंज्या निधीतून छपराची गळती आधी थांबवावी लागते, तिथे प्रदर्शनाची चैन कुठली? ही अडचण खरी आहे आणि तिची जबाबदारी शासनावर आहे. पण मी सुचवतो आहे त्यात भव्यता नाही. वर्षातून एकदा, एका दालनात, आपल्याच भांडारातल्या वीस-पंचवीस कलाकृती, मराठीत नीट लिहिलेले नामफलक आणि एक सोळा पानी पुस्तिका. जवळच्या महाविद्यालयातला इतिहासाचा किंवा मराठीचा प्राध्यापक आणि कलाशाळेतले विद्यार्थी हे काम संग्रहालयाच्या देखरेखीखाली करू शकतात. छपाई परवडत नसेल तर मांडणीची छायाचित्रे, कलाकृतींची यादी आणि निवेदन डिजिटल रूपात ठेवण्याचा खर्च फारच थोडा आहे.

तिसरा आक्षेप प्रेक्षकाविषयी असतो. लोक एक प्रसिद्ध चित्र पाहायला येतात, त्यांना मांडणीशी देणेघेणे नसते, असे म्हणतात. मला हे पटत नाही. दर वर्षी तेच दिसणार असेल, तर गावातल्या माणसाने शाळेच्या सहलीनंतर पुन्हा का यावे? पर्यटक एकदाच येतो. गावकऱ्याला परत परत आणायचे तर त्याला नवा प्रश्न द्यावा लागतो, आणि तोही त्याच्या भाषेत. इंग्रजी कॅटलॉग जगासाठी हवाच, पण ज्यांच्या भूमीतून ही चित्रे आली, त्यांना ती वाचता येतील असा मराठी मजकूर त्याच्या आधी लिहिला गेला पाहिजे.

म्हणून संग्रहालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की आजवर भरवलेल्या प्रत्येक प्रदर्शनाची तारीख, यादी आणि छायाचित्रे शोधून एका जागी लावा, आणि यापुढचे एकही प्रदर्शन नोंदीवाचून उतरवू नका. वाचकांनाही एक काम आहे. घरातल्या कपाटात जुन्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका, यादी किंवा वर्तमानपत्रातले कात्रण असेल, तर ते रद्दीत देऊ नका. त्याची एक प्रत जवळच्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला द्या. महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास पुढे जो कोणी लिहील, त्याला या कागदांची गरज लागणार आहे.