ओसेजचे धनुष्य



एकाच अखंड लाकडातून घडणाऱ्या धनुष्यात जोडकाम कोठेच नसते, सारे काम तासण्याचे. आणि तासून काढलेले परत चिकटवता येत नसल्यामुळे या छंदातले खरे कसब हत्यार चालवण्यापेक्षा ते कोठे थांबवायचे हे ओळखण्यात आहे. धनुष्याची धनुर्धराकडची बाजू म्हणजे पोट आणि लक्ष्याकडची म्हणजे पाठ; दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते, आणि घडणीचे बहुतेक नियम एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

तुझ्याकडे आलेले लाकूड ज्या ओसेज ऑरेंजचे आहे, तो वृक्ष मूळचा टेक्सस, ओक्लाहोमा, आर्कान्सा या भागातला; नावात संत्रे असले तरी कूळ फणसाचे आणि तुतीचे, त्यामुळे ताज्या कापाचा पिवळाधमक रंग पाहून कोकणातल्या माणसाला फणसाचीच फळी आठवावी. फ्रेंचांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थच ‘धनुष्याचे लाकूड’ असा होतो.

असे लाकूड करवतीने न चिरता पाचरी ठोकून फोडतात, कारण फूट तंतूंच्या दिशेने जाते आणि करवत मात्र ते वाटेल तेथे तोडते. यानंतरचे काम पाठीचे. झाडाच्या दर वर्षीच्या वाढीचे एक वलय असते आणि ओसेजच्या प्रत्येक वलयात दोन थर असतात : हंगामाच्या आरंभी वाढलेला सच्छिद्र, ठिसूळ थर आणि नंतरचा घट्ट, कणखर थर. सालीलगतचे पांढुरके रसकाष्ठ काढून आतल्या मध्यकाष्ठातले एकच घट्ट वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड उघडे करायचे असते, कारण ते कोठेही कापले गेले तर ताण पडताच तंतू तेथेच उचलला जातो आणि धनुष्य मोडते. दोन्ही टोकांना मूठ असलेली, ओढून चालवायची सुरी सच्छिद्र थरात शिरली की करकर आवाज येतो, खाली घट्ट थर लागला की तो आवाज बदलतो, म्हणून जाणकार कारागीर येथे डोळ्यांइतकाच कानांवर विसंबतो. गाठीभोवती वलय टेकाडासारखे उंचावते; ते टेकाड सपाट करण्याचा मोह आवरावा. यू वृक्षाच्या लाकडात मात्र फिकट रसकाष्ठच ताण उत्तम सोसते, म्हणून तेथे ते पाठीवर राखतात. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरची शंभरांहून अधिक धनुष्ये यूचीच आहेत.

मुठीच्या दोन्ही बाजूंचे बाहू सारखे वाकावेत म्हणून पोटाकडून थोडेथोडे लाकूड काढत जाण्याला टिलरिंग म्हणतात आणि सर्वाधिक धनुष्ये याच टप्प्यावर वाया जातात. भिंतीवरच्या आधारावर मूठ टेकवून, कप्पीवरून दोरी ओढत, चार पावले दूर उभे राहून कमान न्याहाळायची असते. बाहूचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी १० टक्क्यांनी उतरली की ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. म्हणूनच शेवटी कानसही बाजूला ठेवून पोलादी पट्टीने नुसते खरवडतात. एखादी जागा बिजागरीसारखी जास्त वाकत असेल तर तेथे पेन्सिलीने खूण करून तिला हातच लावू नये, लाकूड इतरत्र काढावे. ओढायला ४० पौंडांचा जोर लागणारे धनुष्य हवे असेल तर ताणकाट्यावर ४० पौंडांपुढे एकदाही ओढू नये, मग दोरी दहाच इंच खाली आलेली का असेना. अन्यथा पोटाचे तंतू दबतात आणि दोरी उतरवल्यावरही धनुष्य वाकलेलेच राहते. पुस्तकातल्या मापांपेक्षा ही शिस्त अधिक मोलाची, कारण मापे दुसऱ्या झाडाची असतात.

हे तासकाम किती जुने ते पाहा : ऑस्ट्रिया–इटली सीमेवरच्या हिमनदीत १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाजवळ यूचे जवळजवळ १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते, तेही अर्धवट : अंगावर तासल्याचे छाट तसेच, गुळगुळीत करणे बाकी, आणि दोरी अडकवायच्या खाचा अजून पाडायच्या राहिलेल्या.



तुझा मामा